गाऱ्हाणं, पेनड्राइव्ह आणि घाटावरचा जावई

चालत्या माणसाला घरी बसवण्याची प्रथा आमच्या विमा कार्यालयात आहे, हे मला ठाऊक होतं. चालत्या यंत्रालाही तसंच घरी बसवतात, हे मात्र मला गेल्या दिवाळीच्या सुमारास कळलं. त्यातून आमचं यंत्र आधीच घरी बसलेलं. बोरिवलीच्या आमच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या डाव्या अंगाला, माझ्या बायकोने, रत्नप्रभाने विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली. एके सकाळी झाकण काढलं तर पडद्यावर पाटी: आपल्या प्रणालीला यापुढे कंपनीकडून सुरक्षा मिळणार नाही, नवी आवृत्ती घ्यावी. म्हटलं, घेऊ. तर लगेच दुसरी पाटी: आपलं यंत्र नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.

पात्र नाही! ज्या कंपनीने माझं यंत्र कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, तिने ते परस्पर बाद केलं. अहो, मुलगी नाकारणारी माणसंसुद्धा आधी येऊन कांदेपोहे खातात.

बरं, यंत्रात दोष काही नव्हता. चालू व्हायला वेळ घेई, हे खरं. पण तेवढ्यात माझा चहा होत असे, त्यामुळे आमचं दोघांचं जमलेलं होतं. दर दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल वाहिलं जाई. मी त्यावर ताळेबंद पाही, रत्नप्रभा पाककृती पाही. आणि त्यात एक चीज अशी होती की जिची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. ती म्हणजे मामांचं गाऱ्हाणं.

मामा म्हणजे माझे सासरे, सीताराम परब. मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं परळच्या गिरणीत काढलेली, आता आमच्याकडे असतात. आमच्या सोसायटीत दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सत्यनारायणाची पूजा होते. घटनेचा आणि सत्यनारायणाचा संबंध काय, असं मी एका सर्वसाधारण सभेत विचारलं होतं. तेव्हापासून मला सभेत माइक देत नाहीत. तर त्या पूजेनंतर मामा गाऱ्हाणं घालत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोकणातला जाणता माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्या आवाजात मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर बाकीचे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ मामांचा आवाज असा की समोरच्या बिल्डिंगमधले लोकही खिडकीत येऊन साद देत.

पुढे मामांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी मामांनी आमच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्यासमोर बसून एकदा गाऱ्हाणं घातलं आणि रत्नप्रभाने ते संगणकात टिपून घेतलं. साद द्यायला घरचे सगळे होतो. मीही होतो. मी मूळचा माण तालुक्यातला, म्हणजे मालवणी दृष्टीने ‘घाटावरचा’, पण लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ‘व्हय म्हाराजा’ मला अचूक जमतं. प्रत्येक शब्द ऐकूनच साद द्यावी, असा काही नियम नाही. सूर पडला की म्हणायचं. त्या दिवशी माझा अर्धा जीव मोबाइलवरच्या क्रिकेटमध्ये होता आणि तरीही माझी एकही साद चुकली नाही.

मामांचा जीव वाचला, आवाज गेला. आता ते बोलतात ते चाळणीतून पीठ पडावं तसं. मग दर सव्वीस जानेवारीला आमच्या खिडकीतून एक लांब वायर मांडवातल्या स्पीकरपर्यंत जाते, आणि संगणकातून मामांचं गाऱ्हाणं वाजतं. मामा समोर खुर्चीत बसून स्वतःलाच साद देतात. आवाज फुटत नाही, पण ओठ हलतात. त्या वेळी रत्नप्रभा त्यांच्या खुर्चीमागे उभी असते. मोबाइलवर पाठव गं, असं बायका कितीदा म्हणाल्या, पण तिचं उत्तर ठरलेलं: “देवाचं गाऱ्हाणं गुड मॉर्निंगच्या गुलाबांबरोबर फिरवायचं नाही.”

आता अशा यंत्राला ‘पात्र नाही’ म्हटल्यावर माणसाचं रक्त खवळणार की नाही?

पहिला सल्ला दिला तो शेजारच्या हर्षदभाईंनी. त्यांचं स्टेशनजवळ नळ-पाइपचं दुकान आहे आणि जगातल्या सर्व अडचणींकडे ते गळती म्हणूनच पाहतात. “नवा घेऊन टाका ना, चंद्रप्रकाशभाई. जुना पाइप किती सांधणार?”

“पाइप चांगला आहे, हर्षदभाई. पाणीवाल्याने पाणी बंद केलंय.”

“मग दुसऱ्या पाणीवाल्याकडून घ्या!”

आणि नेमकं हेच तिसऱ्या मजल्यावरच्या दीप्तीने सांगितलं. ही मुलगी एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने मला लिफ्टमध्ये गाठून म्हटलं, “काका, लिनक्स टाका ना. जुन्या मशीनवर मस्त चालतं. फ्री आहे, ओपन सोर्स आहे, कोणी कंपनी येऊन तुम्हाला अपात्र म्हणणार नाही.”

“तू येशील का टाकून द्यायला?”

“मी टेस्टिंगमध्ये आहे काका. आम्ही टाकत नाही. दुसऱ्याने टाकलेल्यात चुका काढतो.”

हे ऐकून मला तिच्याबद्दल एकदम घरोबा वाटला. आमच्या घरात हे खातं रत्नप्रभा सांभाळते.

“फुकट?” हर्षदभाईंचा विश्वासच बसेना. “फुकट वस्तूला गॅरंटी नसते, हां.” मी त्यांना समजावलं की जगभरचे हुशार लोक एकत्र येऊन ही प्रणाली बनवतात आणि सगळ्यांना खुली ठेवतात. ते म्हणाले, “म्हणजे सोसायटीसारखं?” मी म्हटलं, नाही, तिथे काम होतं.

आता यासाठी पेनड्राइव्ह लागतो. हर्षदभाईंनी स्वतःचा दिला. मी पद्धतशीर माणूस आहे. मिक्सर दुरुस्त करतानाही मी आधी प्रत्येक स्क्रू क्रमाने वर्तमानपत्रावर मांडला होता. मिक्सर पुढे बदलावा लागला, त्याला वेगळी कारणं होती. तर पद्धत म्हणून मी सर्वांत आधी मामांचं गाऱ्हाणं त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. रत्नप्रभाने विचारलं, “बाबांचं गाऱ्हाणं सुरक्षित आहे ना?” मी पेनड्राइव्ह तिच्यासमोर नाचवत म्हटलं, “हे बघ, मुठीत आहे.” मग मी इंटरनेटवरून लिनक्स उतरवलं आणि ते पेनड्राइव्हवर चढवण्याच्या उद्योगाला लागलो. मध्येच एक लांबलचक इंग्रजी पाटी आली आणि खाली बटण: ओके. संगणकावर दिवसातून पन्नास वेळा अशा पाट्या येतात. सूर ओळखीचा होता, मी साद दिली.

आता वाचकांपैकी काही अतिहुशार मंडळी इथे हसत असतील. त्यांनी हसावं. त्यांच्या घरी दोन पेनड्राइव्ह असतील.

प्रत्यक्ष कामाला रविवार ठरवला. पण रविवारी टाकी साफ करायची म्हणून आमच्याकडे पंपासकट वीज मध्येच बंद करतात. मधोमध वीज गेली तर यंत्र कायमचं झोपेल, असं दीप्तीने बजावलं होतं. म्हणून मी सेक्रेटरीला सांगायला गेलो. सेक्रेटरी केतन, वय तिशी, मागच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभा राहिला आणि केवळ मतं जास्त पडल्यामुळे निवडून आला.

“वीज चालू ठेवायची तर अर्ज द्या, काका.”

अर्ज दिला. त्यात कारण लिहिलं: घरातील प्रणाली बदलणे.

“हे अंतर्गत दुरुस्तीत येतं. एनओसी लागेल. डेब्रिज टाकणार कुठे?”

“केतन, संगणकाच्या आत बदल आहे. विटामातीचं डेब्रिज निघत नाही.”

“मागे गीझरच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणालेलात, काका. मग खालून चार गोणी गेल्या.”

गीझरचा विषय मला वाढवायचा नव्हता. भिंत मुळातच कच्ची होती. शेवटी एनओसी मिळाली. पण प्रथेप्रमाणे तिची एक प्रत नोटीस बोर्डावर लागली: ‘श्री. चंद्रप्रकाश यांच्या घरी रविवारी सकाळी नवीन प्रणाली बसवण्यात येणार असून रहिवाशांनी सहकार्य करावे.’ आमच्या सोसायटीत पाणीपट्टीची नोटीस कुणी वाचत नाही, पण सहकार्य म्हटलं की लोक घराबाहेर पडतात.

रविवारी सकाळी आमचा हॉल भरला. हर्षदभाई आपल्या पेनड्राइव्हचे मालक म्हणून पुढच्या रांगेत. पहिल्या मजल्यावरच्या सुनंदाताई भाजी निवडत. केतन देखरेखीला. दीप्ती मात्र बंगलोरला गेलेली, म्हणजे चुका काढणारं खातं नेमकं त्या दिवशी बंद. मामा आपल्या खुर्चीत, यंत्राच्या अगदी शेजारी. रत्नप्रभाने सगळ्यांसाठी उपमा केला आणि मला हळूच म्हणाली, “बघा हं, गिऱ्हाईक जमलंय. काही मोडू नका.”

पेनड्राइव्ह लावला, यंत्र चालू केलं, आणि पडद्यावर नवी प्रणाली अशी काही झळकली की सुनंदाताईंनी हातातली गवार बाजूला ठेवून नमस्कार केला. मग प्रश्न सुरू झाले. भाषा कुठली? कीबोर्ड कुठला? तुमचा देश? मी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवत होतो, कारण मागच्यांना दिसत नव्हतं. वाचता वाचता माझ्या आवाजाला एक लय आली. त्यात मामांनी, सवयीने असेल, हात जोडलेले.

“मुंबईची वेळ लावायची का?” मी वाचलं.

“व्हय म्हाराजा!” मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

“गाणी-व्हिडिओ चालण्यासाठी जास्तीची सामग्री घ्यायची का?”

“व्हय म्हाराजा!” आता चार आवाज.

“डिस्क पुसून नवी प्रणाली बसवायची का?”

“व्हय म्हाराजा!!” अख्खा हॉल. हर्षदभाईसुद्धा. कोकणात कधी पाऊल न टाकलेला माणूस!

यंत्राने पुन्हा एकदा विचारलं, नक्की का? डिस्कवरचं सर्व काही जाईल, परत फिरता येणार नाही. हेही मी वाचलं. मी अप्रामाणिक माणूस नाही. स्वच्छ, मोठ्या आवाजात, ‘जाईल’वर जोर देऊन वाचलं. समोरच्या बिल्डिंगमधूनही साद आली. मी बटण दाबलं.

पुढे यंत्राने मालकाचं नाव विचारलं. घरात सर्वांची मतं पडली की पहिलं नाव लक्ष्मीचं घालावं. आमचं घरही रत्नप्रभाच्याच नावावर आहे, बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून. इथे सवलत नव्हती, तरी भावनेच्या भरात मी घरधनी म्हणून तिचं नाव घातलं, आणि पासवर्ड तिने स्वतः टाकला. माझं खातं नंतर, दुय्यम म्हणून उघडलं. या मोठेपणाची किंमत मी आजही मोजतो आहे.

टाळ्या झाल्या. उपमा झाला. नवा पडदा लखलखत होता आणि यंत्र माझा चहा व्हायच्या आत चालू होत होतं. हे मला थोडं खटकलंच. मग रत्नप्रभा हात पुसत पुढे आली. “आता बाबांचं लावा की. बघू कसं वाजतं.”

“लावतो ना. पेनड्राइव्हवर आहे.”

“कुठल्या पेनड्राइव्हवर?”

मी यंत्राला लावलेल्या पेनड्राइव्हकडे बोट केलं. बोट तिथवर जाईपर्यंत मी शांत होतो. बोट पोचलं आणि मला ती लांबलचक इंग्रजी पाटी आठवली: पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल.

हॉलमधून माणसं कशी गेली ते मला कळलं नाही. केतन जाताना म्हणाला, “डेब्रिज नाही निघालं काका, हे मात्र खरं.”

रत्नप्रभा रागावली की तिची मालवणी बाहेर येते. ती मामांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. मग म्हणाली, “माज्या बापाशीचो आवाज व्हतो तेच्यात. थोडोसोच उरललो. तुमी तेका पुसलात.” आणि मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून चाळणीतून काहीतरी सांडत राहिले. मला वाटलं, आपल्याला शिव्या देत असतील. नंतर कळलं, ते तिला म्हणत होते, “घाटी मुद्दाम नाय करना गो.”

आता यात माझी बाजू कुणी विचारली का? अख्ख्या सोसायटीने एकमुखाने होकार दिला आणि आरोपी मी एकटा!

दीप्ती बंगलोरहून आली आणि म्हणाली, फायली खरं म्हणजे जागच्या जागी असतात, फक्त त्यांचा पत्ता पुसला जातो. नव्या प्रणालीखाली चिरडलं गेलं नसेल तर मिळेल. पण आता यंत्रावर नवीन काहीही ठेवू नका, आणि शोधायचं ते कमांड लाइनने.

कमांड लाइन म्हणजे एक काळी पाटी. तीवर चित्र नाही, बटण नाही, फक्त एक उघडझाप करणारी रेघ. आपण लिहायचं, तिने ऐकायचं. ऐकलं तर गप्प बसते. काही चुकलं तरच बोलते. या स्वभावाच्या व्यक्तीबरोबर माझा बराच संसार झालेला असल्याने मी घाबरलो नाही.

सुरुवात छोट्या आज्ञांपासून झाली. पीडब्ल्यूडी म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं, असं मी समजत आलो होतो. इथे पीडब्ल्यूडी लिहिलं की आपण सध्या कुठे उभे आहोत ते ताबडतोब उत्तर येतं. एलएस लिहिलं की आपल्यापाशी काय काय आहे ते दिसतं. माझ्यापाशी काहीच नव्हतं. दीप्ती फोनवरून आज्ञा सांगे, मी टंकत असे, आणि पाटी दर वेळी म्हणे: अशी आज्ञा सापडत नाही. मी चिडून म्हटलं, अक्षर न् अक्षर बरोबर आहे! तिने फोटो मागवला.

“काका, शेवटी फुलस्टॉप का देताय?”

“वाक्य संपलंय, दीप्ती.”

“काका, ती कमांड आहे.”

“काहीही असो. वाक्य संपल्यावर पूर्णविराम द्यावा, असे माझ्यावर संस्कार आहेत.”

संस्कार बाजूला ठेवले. मग ती खरी, मोठी आज्ञा आली. ती ‘सुडो’ या शब्दाने सुरू होते. सुडो म्हणजे, दीप्तीच्या म्हणण्याप्रमाणे, मालकाच्या अधिकाराने सांगतो, हे कर. हे मला आवडलं. तावातावाने लिहिलं. पाटीने पासवर्ड विचारला. मी टंकला, तर पडद्यावर काहीच उमटेना! ठिपका नाही, चांदणी नाही. पुन्हा पुन्हा दाबलं. कीबोर्ड मेला असं ठरवून मी तो उलटा आपटला, तेव्हा मात्र तो खरोखर मेला. नवा आणला. तरी काही उमटेना. दीप्ती म्हणाली, “काका, पासवर्ड लिहिताना काही दिसतच नाही. आंधळेपणाने लिहायचा.” हे आधी सांगता येत नव्हतं?

लिहिला. आणि त्यावर पाटीने जे उत्तर दिलं ते मी मराठीत देतो, कारण इंग्रजीत ते आणखी उद्धट वाटतं: ‘हा इसम सुडो करण्यास पात्र व्यक्तींमध्ये नाही. सदर घटना वर कळवण्यात येईल.’

वर कळवण्यात येईल! माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, मी माझ्याच यंत्राला आज्ञा दिली तर तक्रार वर जाणार! आणि वर कोण? वर रत्नप्रभा. घरधनी ती. एका कंपनीने माझं यंत्र अपात्र ठरवलं म्हणून मी हे सगळं आरंभलं, आणि शेवटी यंत्राने मलाच अपात्र ठरवलं.

रत्नप्रभा स्वयंपाकघरातून आली, उभ्याउभ्याच आपला पासवर्ड टंकला, कुठे थबकली नाही. वर्षानुवर्षं अंधारात कपाटातलं नेमकं भांडं काढणाऱ्या बाईला न दिसणारा पासवर्ड म्हणजे काय! त्या दिवसापासून दीप्तीचा फोन मला येईनासा झाला. “काकू आहेत का?” असं ती थेट विचारू लागली.

सापडलेल्या फायली ठेवायला दुसरी डिस्क हवी होती. ती सोसायटीकडे होती, जुन्या सीसीटीव्हीतली. केतनने मला ‘सोसायटीच्या मालमत्तेचा खाजगी वापर’ या विषयावर अर्ज करायला लावला. मी निमूट दुसरा अर्ज लिहिला. पण तो घेऊन रत्नप्रभा गेली, आणि केतनने अर्ज न वाचताच डिस्क दिली, वर पिशवीत घालून दिली. असो.

शोध सुरू झाला तेव्हा जे निघालं ते निघालंच. नावं सगळी गेलेली, नुसते लांबलचक आकडे. आणि नियम असा की जे चुकून गेलं तेही परत येतं, आणि जे माणसाने विचारपूर्वक नष्ट केलं तेही परत येतं. प्रत्येक फाईल वाजवून बघावी लागे. मामा आणि रत्नप्रभा शेजारी शेजारी बसून ऐकत. कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या तरी बारशातला गोंधळ, आणि एके दुपारी, सुनंदाताई आलेल्या असताना, भर हॉलमध्ये माझा आवाज: “बंधुभगिनींनो, मी सेक्रेटरीपदासाठी हपापलेला नाही...” ते निवडणुकीचं भाषण मी आरशासमोर सतरा प्रकारे म्हणून बघितलं होतं. सतराही प्रकार सापडले. एकात मध्येच रत्नप्रभाचं हसणं आहे. मामांना तो प्रकार सर्वांत जास्त आवडला. त्यांनी खूण करून तो पुन्हा लावायला सांगितला.

गाऱ्हाणं मात्र सापडेना. जानेवारी संपत आला. मांडवाचे बांबू आले. रत्नप्रभा ऐकता ऐकता एकेका फाईलवर डोळे मिटून घेई, आणि तो आवाज दुसराच कुणाचा निघाला की डोळे उघडून पुढची लावी. एरवी मी जिथे तिथे बोलतो. त्या दिवसांत मी तिच्या शेजारी बसून नुसता चहा देत होतो, एवढं नमूद करावंसं वाटतं.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी बाहेर झेंडावंदनाची तयारी चाललेली आणि आत एकदम मामांचा आवाज दणाणला: “बा देवा म्हाराजा!”

रत्नप्रभाच्या हातातली वाटी पडली. मामांनी स्वतःच्या घशाला हात लावला. मी, काय सांगू, मी त्या नव्या कीबोर्डला नमस्कार केला. पण दोन वाक्यं ऐकेपर्यंत बाहेरून प्रसादाच्या शिऱ्यासाठी हाका सुरू झाल्या. रत्नप्रभा डोळे पुसत उठली. दाराशी थांबून म्हणाली, “अहो, गाऱ्हाण्याच्या दोन फायली सापडल्या आहेत. एक लहान, एक मोठी. लहान लावा.”

“का?”

“लावा म्हटलं ना. दर वर्षी तीच लावतो.”

आणि ती गेली. आता मला सांगा, देवासमोर अर्धवट गाऱ्हाणं घालायचं? मोठी ती पूर्ण, हे शाळकरी पोरालाही कळतं. आणि कारण न सांगता हुकूम द्यायचा, हे काय! सुडो तिच्याकडे असेल, पण वायर माझ्या हातात होती. मी मोठी लावली.

मांडव भरलेला. मामा पहिल्या खुर्चीत, धुतलेल्या टोपीत. खिडकीतून मी बटण दाबलं आणि मामांचा जुना, सणसणीत आवाज सबंध आवारात घुमला.

“बा देवा म्हाराजा! आज ही सगळी लेकरा तुज्या पायाकडे जमली हत...”

“व्हय म्हाराजा!”

“तेंका सुखी ठेव, इडा पिडा टाळ, वाकड्याचा सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. शिऱ्याचं पातेलं घेऊन आलेली रत्नप्रभा जिथे होती तिथेच उभी राहिली. काही चुकलं माकलं पोटात घाल, हे नेहमीचं शेवटचं वाक्य झालं. लोक हात खाली घेऊ लागले. पण आवाज थांबला नाही. त्याने दम घेतला आणि पुढे म्हणाला:

“आनी म्हाराजा! ह्यो आमचो जावय. घाटावरचो. मनान बरो आसा...”

“व्हय म्हाराजा!”

“पन जेका हात लायता ता मोडता! मिक्सर मोडल्यान, गीझर मोडल्यान, माजो रेडियो उघडल्यान तो परत बंद झालो नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे मांडवातून आलं. पण त्याच्याही वर स्पीकरमधून एक आवाज आला. हॉलमध्ये टिपलेल्या त्या दिवसाच्या सादेत सर्वांत मोठा, सर्वांत बिनचूक, सर्वांत उत्साही. तो माझा होता.

“तेका खंयचो तरी असो नाद लाव, काय तेचे हात थंयच गुतान रवतीत, आनी घरातला काय एक मोडाचा नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पुन्हा मीच सगळ्यांच्या वर.

“आनी माज्या चेडवाक तेका सोसूची ताकद दी रे म्हाराजा!”

लेकीसाठीच्या या मागण्यावर जी साद उठली तशी आमच्या सोसायटीच्या इतिहासात कुठल्याही ठरावाला उठलेली नाही. केतन तर दोनदा म्हणाला. मामा खुर्चीत नुसते गदगदत होते, टोपी एका कानावर आलेली, आवाज नाही, डोळ्यांतून पाणी. रत्नप्रभा पातेलं टेकवून खिडकीपाशी आली.

“तरी म्हटलं होतं, लहान लावा.”

“तू कापलेलंस ते?”

“मग? दर वर्षी सगळ्यांसमोर वाजवू होय? तेवढं कापून टाकलं होतं. कचऱ्यातूनही काढून टाकलं होतं.” तिने स्पीकरकडे बघितलं. “मेलं ते पण परत आलं.”

यावर कुणाला जाब विचारावा हे मला अजून कळलेलं नाही. सासऱ्याने देवाकडे माझी तक्रार केली, बायकोने ती दडपली, आणि मी स्वतः तिला तीनदा अनुमोदन दिलं! सोसायटीच्या इतिवृत्तात ‘गाऱ्हाणे सर्वानुमते संमत’ अशी नोंद आहे. मी हरकत नोंदवली, तर केतन म्हणाला, अर्ज द्या.

पण मला बोचतं ते दुसरंच. त्या दिवसापासून मी विचार करतो आहे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी त्या काळ्या पाटीसमोर बसतो. एलएस, पीडब्ल्यूडी, नवीन काहीतरी शिकतो, चुकतो, चिडतो, पुन्हा लिहितो. मामांनी मागितलं तसं, हात थंयच गुतान रवतत, तिथेच गुंतून राहतात. गेल्या काही महिन्यांत घरातली एकही वस्तू मोडलेली नाही. पंखा आवाज करतो आहे, मी स्टुलावर चढलेलो नाही. देवाने गाऱ्हाणं ऐकलं, फक्त त्याच्याकडेही अर्ज वरपर्यंत जायला थोडी वर्षं लागतात, असं दिसतं.

मामांचं गाऱ्हाणं, लहान आणि मोठं दोन्ही, आता चार ठिकाणी ठेवलेलं आहे. प्रती रत्नप्रभाने केल्या. सुडो अजून तिच्याकडेच आहे. परवा एक आज्ञा दिली तेव्हा यंत्राने विचारलं, पुढे जायचं का? ती माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली, न दिसणारा पासवर्ड टंकून झाला होता.

“वाचलंत?”

“वाचलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग म्हणा.”

पलीकडच्या खुर्चीत मामांचे ओठ हलायला लागले होते. मी आधी दार लोटून घेतलं आणि स्वतःच्या घरात, हळू आवाजात म्हणालो, “व्हय म्हाराजा.”